अठराव्या वर्षीचा गुडघा

गेल्या काही अंकांपासून या सदरात आपण गुडघ्यांविषयी बोलत आहोत. वाचकांकडून जी पत्रे येतात त्यांतील बहुतेकांत एक शब्द हमखास आढळतो : ‘वयोमानानुसार’. वयोमानानुसार झीज झाली, वयोमानानुसार दुखते, वयोमानानुसार आता जिने जमत नाहीत. हा शब्द खोटा नाही. पण तो फार सोयीचा आहे. एकदा तो उच्चारला की पुढचे प्रश्न विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही, ना रुग्णाला, ना घरच्यांना. म्हणून आज मी एका अशा माणसाच्या गुडघ्याची हकिकत सांगणार आहे, ज्याची झीज वयाच्या तिसाव्या वर्षीच पूर्ण झाली होती. तिचा आरंभ झाला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

त्याचे नाव बॉबी ऑर. तो आइस हॉकीचा व्यावसायिक बचावपटू. हा खेळ आपल्याकडच्या मैदानी हॉकीपेक्षा पुष्कळच निराळा आहे. सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद अशा बर्फाच्या पटांगणावर, पायांत पोलादी पात्याचे बूट घालून, प्रत्येकी सहा खेळाडू तो खेळतात. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. पटांगणाभोवती कठडे असतात आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन त्या कठड्यावर दाबणे हे नियमांत बसते. खेळाडू दोन्ही गुडघे वाकवून, शरीर पुढे झुकवून, पाय बाजूला रेटीत धावतो. म्हणजे सारे शरीर वाकलेल्या गुडघ्यावर तोललेले आणि त्याच अवस्थेत आडवी धडक. गुडघ्यासाठी याहून प्रतिकूल मांडणी योजूनही सापडणार नाही.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, ह्युरॉन सरोवराच्या जॉर्जियन उपसागराकाठी, पॅरी साउंड नावाचे छोटे गाव आहे. तेथे २० मार्च १९४८ रोजी बॉबीचा जन्म झाला. पाच भावंडांतला तो तिसरा. वडील स्फोटकांच्या कारखान्यात कामाला. घरची स्थिती बेताचीच. हिवाळ्यात गावची नदी आणि उपसागराचा किनारा गोठला की गावातली मुले दिवसभर त्या बर्फावर असत. वीसवीस मुले आणि पक मात्र एकच. ज्याच्यापाशी ती आली त्याने ती राखायची, एवढाच नियम. बॉबी पुढे ज्या कौशल्यासाठी नावाजला गेला ते त्याला कोणी शिकवले नव्हते. त्या गर्दीतून वाट काढताना ते अंगी मुरले. पुढे त्याच्या गावच्या संघाला बको मॅकडोनाल्ड या जुन्या व्यावसायिक बचावपटूचे मार्गदर्शन लाभले. हा गृहस्थ मधल्या काळात कॅनडाच्या संसदेचा सदस्यही होऊन गेला होता. त्याने या किरकोळ बांध्याच्या मुलाला बचाव फळीत उभे केले. पण ‘मागेच थांब’ असे मात्र सांगितले नाही. बचावपटूने पक घेऊन स्वतःच पुढे मुसंडी मारावी, ही त्या काळी विपरीत वाटणारी गोष्ट त्याने मुलाला मोकळेपणी करू दिली.

१९६१ साली गॅनानोक्वे या गावी झालेल्या एका सामन्यास बोस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक संघाचे अधिकारी आले होते. ते आले होते दुसऱ्याच दोन मुलांना पाहण्यासाठी. परतले ते या बारा-तेरा वर्षांच्या पोराचे नाव घेऊन. त्या काळी राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, केवळ सहा संघ होते आणि चौदा वर्षांच्या मुलाकडून करारपत्रावर सही घेऊन त्याला बांधून ठेवता येत असे. ब्रुइन्सचा रेन ब्लेअर नावाचा माणूस वर्ष-दीड वर्ष पॅरी साउंडच्या फेऱ्या मारीत राहिला. १९६२ साली करार झाला. त्याच्या मोबदल्यात काही रक्कम तर मिळालीच; शिवाय ऑर कुटुंबाच्या घराला बाहेरून नवा गिलावा करून देण्याचेही संघाने मान्य केले. एका मुलाच्या भवितव्याची किंमत ठरताना भिंतींचा गिलावा हिशेबात यावा, यावरून त्या घराची ओढगस्त ध्यानी येते.

त्या कराराच्या वेळी आई आर्व्हा हिची भूमिका मला विशेष लक्षणीय वाटते. मुलाने ओशावा जनरल्स या कनिष्ठ संघातून खेळावे असे ठरले होते. पण ओशावा घरापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. चौदा वर्षांच्या मुलाला परक्या गावी राहू देण्यास ती राजी होईना. अखेर तडजोड निघाली : पहिल्या वर्षी मुलगा घरीच राहील, गावच्याच शाळेत जाईल, सरावाला जाणार नाही, फक्त सामन्यापुरता मोटारीने जाईल आणि परत येईल. अठरा-एकोणीस वर्षांच्या दांडग्या तरुणांविरुद्ध तो सरावाविना खेळला आणि तरीही उठून दिसला. दुसऱ्या वर्षी मात्र तो ओशावात एका कुटुंबात राहू लागला. पुढल्या तीन वर्षांत त्याची कीर्ती एवढी पसरली की बोस्टनचे प्रेक्षक, ज्यांचा संघ वर्षानुवर्षे तळाशी लोळत होता, तो अठरा वर्षांचा होण्याची वाट पाहू लागले. अठरापूर्वी लीगमध्ये खेळता येत नसे.

कनिष्ठ गटातील अखेरचा हंगाम संपताना, १९६६ सालच्या मेमोरियल कप स्पर्धेत, त्याच्या जांघेचा स्नायू दुखावला. तरीही तो अंतिम लढतीत उतरला. संघ हरला. शरीराने ‘थांब’ म्हटले असता न थांबण्याचा हा त्याच्या आयुष्यातील ठळक असा पहिला प्रसंग होय. त्या वेळी प्रेक्षकांनी याचे कौतुकच केले असणार, कारण असल्या गोष्टींचे आपण सर्वत्र कौतुकच करतो.

१९ ऑक्टोबर १९६६ रोजी तो बोस्टनच्या वतीने पहिला सामना खेळला. डिसेंबरमध्ये एका धडकेत तो कठड्यावर आदळला, गुडघा दुखावला आणि काही सामने हुकले. तरी त्या हंगामात तो ६१ सामने खेळला, ४१ गुण मिळवले आणि सर्वोत्कृष्ट नवोदितासाठीचा काल्डर चषक त्याला मिळाला. संघ मात्र शेवटच्याच क्रमांकावर राहिला. १९६७ च्या उन्हाळ्यात विनिपेग येथील एका धर्मादाय सामन्यात उजवा गुडघा दुखावला व पाय प्लास्टरमध्ये ठेवावा लागला. त्यापाठोपाठच्या हंगामात गळपट्टीचे हाड मोडले आणि १९६८ च्या आरंभी डाव्या गुडघ्याची पहिली शस्त्रक्रिया झाली. वीस वर्षे पुरी होण्याआधीच हे सारे घडले होते. त्या वर्षी तो जेमतेम ४६ सामने खेळू शकला आणि एवढ्यावरही सर्वोत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस चषक त्यालाच देण्यात आला. तो पुढे सलग आठ वर्षे त्याच्याकडेच राहिला.

येथे खेळ बाजूला ठेवून गुडघ्याच्या आत डोकावू या. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूस व एक बाहेरच्या. त्यांना मेनिस्कस म्हणतात. त्या लवचीक कूर्चेच्या असतात. वरच्या हाडाचे टोक गोलसर, खालचे पठारासारखे सपाट; गोल वस्तू सपाट पृष्ठावर ठेवली तर सारा भार एका बिंदूवर येईल. तो भार पसरवून देण्याचे काम या गाद्या करतात. पाऊल जमिनीवर रोवलेले असताना वाकलेला गुडघा पिरगळला की गादी फाटते. तिच्या बाहेरच्या कडेला थोडाफार रक्तपुरवठा असतो. आतल्या भागाला जवळजवळ नसतोच. त्यामुळे तेथली फाट आपसूक भरून येणे कठीण.

त्या काळचे शस्त्रवैद्य अशा वेळी गुडघा मोठी चीर देऊन उघडीत आणि फाटलेली गादी पुष्कळदा संपूर्णच काढून टाकीत. ती काढली की अडकणारा गुडघा मोकळा होई, वेदना कमी होई, खेळाडू काही आठवड्यांनी मैदानावर परते. सर्वांना वाटे की काम फत्ते झाले. गादी ही निरुपयोगी वस्तू आहे, अशीच पुष्कळांची समजूत होती. वास्तविक १९४८ सालीच, म्हणजे ज्या वर्षी ऑर जन्मला त्याच वर्षी, फेअरबँक या इंग्रज शस्त्रवैद्याने गादी काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सांध्यातील फट अरुंद होते, हाडाचे टोक चपटे होते, कडेला हाडाचा उंचवटा वाढतो, असे त्याने दाखवून दिले होते. पण हे बदल व्हायला वर्षे लागतात. आणि हंगाम सहा महिन्यांत संपतो.

आणखी एक गोष्ट मनाला चटका लावते. गुडघा पुरता न उघडता, बारीक दुर्बीण आत घालून गादीचा केवळ फाटका तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया टोकियोत मासाकी वातानाबे यांनी १९६२ सालीच केली होती. टोरांटोचे रॉबर्ट जॅक्सन हे अस्थिशल्यविशारद १९६४-६५ मध्ये वातानाबे यांच्यापाशी राहून ती विद्या शिकले आणि कॅनडात घेऊन आले. म्हणजे पॅरी साउंडपासून काही तासांच्या अंतरावर ती दुर्बीण येऊन पोहोचली होती. परंतु ‘चावीच्या भोकातून खोली कशाला पाहायची, दार उघडावे’ अशा वृत्तीचे सहकारी तेव्हा बहुसंख्य होते. ही पद्धत रुळायला सत्तरचे दशक उजाडावे लागले. ऑरवर उपचार करणाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांनी त्या काळच्या शास्त्राला मान्य असलेलेच केले. मला सांगायचे आहे ते एवढेच की, उपचार झाला आणि वेदना थांबली म्हणजे हिशेब मिटला असे नसते.

त्या गुडघ्यांवर तो काय खेळला हे न सांगणे अन्यायाचे होईल. १९६९-७० च्या हंगामात त्याने १२० गुण मिळवले आणि साऱ्या लीगमध्ये अव्वल ठरला. बचावपटूने असे करण्याची ती पहिलीच वेळ. १० मे १९७० रोजी सेंट लुइसविरुद्धच्या लढतीत, जादा वेळेतील अवघे चाळिसावे सेकंद चालू असताना, त्याने विजयी गोल केला आणि बोस्टनला २९ वर्षांनी स्टॅन्ले कप मिळवून दिला. गोल होताच प्रतिस्पर्ध्याच्या काठीने पाय अडकून तो हवेत आडवा झेपावला. ते छायाचित्र खेळांच्या इतिहासातील अत्यंत प्रसिद्ध चित्रांपैकी एक आहे. बोस्टनच्या क्रीडागृहाबाहेर त्याचा तसाच पुतळा उभा आहे. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. चित्रातल्या त्या आनंदी तरुणाकडे पाहणाऱ्या कोणालाही वाटणार नाही की त्याच्यापाशी जेमतेम पाच वर्षांचा सलग खेळ उरला आहे.

शस्त्रक्रियांची संख्या डझनावर गेली. अखेरीस डाव्या गुडघ्यात हाडावर हाड घासू लागले. शेवटच्या दोन हंगामांत शिकागोच्या संघाकडून तो मोजून २६ सामने खेळू शकला आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये, तिशीतच, निवृत्त झाला. सारी कारकीर्द मिळून ६५७ सामने. पुढे यथाकाल त्याचे दोन्ही गुडघे बदलावे लागले.

आता आपल्या घराकडे वळू. आज सत्तर-पंचाहत्तरीत असलेले आपले कित्येक वाचक ऑरच्याच पिढीचे आहेत. कोणी कबड्डी किंवा कुस्ती खेळलेले, कोणी सायकलवरून पडलेले, कोणी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरलेले. तेव्हा आंबेहळदीचा लेप लावून, घट्ट फडके बांधून काम भागवले गेले. काहींचा गुडघा मोठी चीर देऊन उघडला गेला आणि आत काय केले ते कोणी विचारले नाही. पन्नास वर्षांनी तोच गुडघा दुखू लागला की घरची मंडळी म्हणतात, “आता वय झालं, बाबा.” पण दोन गुडघ्यांचे वय सारखेच असते! एकच गुडघा अधिक दुखत असेल, एकच पाय अधिक वाकडा झाला असेल, तर त्यामागे काही जुनी हकिकत आहे का, हे विचारायला हवे. शुश्रूषा करणाऱ्या मुलामुलींना, सुनांना माझी विनंती आहे : एखाद्या संध्याकाळी आईवडिलांपाशी बसून जुन्या इजा, प्लास्टर, शस्त्रक्रिया, टाक्यांचे व्रण हे सर्व एका कागदावर साल आठवेल तसे लिहून घ्यावे आणि तपासणीच्या वेळी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. ज्येष्ठ मंडळी दवाखान्यात गेल्यावर निम्मे सांगतात. ‘त्याचा आता काय संबंध’ म्हणून उरलेले गिळून टाकतात.

दुसरी गोष्ट उलट दिशेची. एमआरआयच्या अहवालात ‘मेनिस्कस फाटली आहे’ असे वाचून अनेक घरांत घबराट होते. उतारवयात झिजून पडलेली अशी फाट पुष्कळांच्या गुडघ्यांत असते. कित्येकांना तिचा पत्ताही नसतो. फिनलंडमध्ये अशा झिजलेल्या फाटीच्या १४६ रुग्णांपैकी काहींवर दुर्बिणीतून खरी शस्त्रक्रिया व इतरांवर केवळ तिचा देखावा करून तुलना करण्यात आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून अशा फाटीवर पहिला उपाय व्यायामाचा, हेच आज बहुतांश तज्ज्ञ सांगतात. तरुणपणी धडकेत फाटलेली गादी ही मात्र निराळी बाब आहे. तेथे आज ती काढण्याऐवजी शक्य तर शिवून वाचवण्याकडे कल असतो. गुडघा अचानक अडकून सरळच होत नसेल, तो गरम व सुजलेला असून ताप असेल, पायावर भारच देता येत नसेल, किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असेल, तर मात्र व्यायामाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

व्यायाम म्हणजे मुख्यतः मांडीच्या पुढच्या स्नायूचा. दुखणारा गुडघा माणूस वापरीत नाही, न वापरल्याने तो स्नायू झपाट्याने रोडावतो, तो रोडावला की सांध्यावरचा ताण वाढतो आणि दुखणे बळावते. हे चक्र तोडण्यासाठी खुर्चीत बसून पाय सावकाश सरळ करणे, पाच मोजेपर्यंत धरणे आणि सावकाश खाली आणणे, एवढ्यापासून आरंभ करता येतो. वजनाचाही विचार करावा. शरीराचे एक किलो वजन उतरले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार जवळजवळ चार किलोंनी हलका होतो. जिना चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, उतरताना दुखरा पाय आधी खालच्या पायरीवर. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. हे सांगितले की बहुतेकांना आश्चर्य वाटते, पण तसे धरून चार पावले चालून पाहिले की लगेच पटते.

नातवंडांविषयीही बोलायलाच हवे, कारण शाळेच्या मैदानावरून लंगडत आलेल्या मुलाला पहिल्याने पाहतात ते बहुधा घरातले आजी-आजोबाच. खेळताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला, काही तासांत सूज चढली, किंवा चालताना गुडघा दगा देतो आहे असे मूल म्हणाले, तर तो केवळ मुका मार समजू नये. अंतिम सामना चार दिवसांवर आला असला तरी नाही. “आमच्या वेळी आम्ही असेच खेळायचो” हे वाक्य अशा वेळी आजोबांनी मनातच ठेवावे. आर्व्हा ऑरने चौदा वर्षांच्या मुलासाठी अटी घातल्या त्या घरापासूनच्या अंतराच्या. गुडघ्यासाठी अट घालण्याची वेळ आली तेव्हा मुलगा अठराचा होऊन दूर गेला होता. आपली मुले अजून घरातच आहेत.

ज्यांचे गुडघेबदलाचे शस्त्रकर्म नुकतेच झाले आहे किंवा व्हायचे आहे, त्यांच्या घरच्यांसाठी एक सूचना. रुग्णाला बरे वाटावे म्हणून गुडघ्याखाली मऊ उशी सरकवण्याचा मोह प्रत्येक घरात होतो. त्याने आराम पडतो खरा. पण गुडघा वाकलेल्याच अवस्थेत आखडतो आणि पुढे पूर्ण सरळ होता होत नाही. उशी ठेवायचीच असेल, तर डॉक्टरांना विचारून ती टाचेखाली ठेवावी.